बावन्न नंबरचा कागद

सोमवार, ६ जानेवारी

आज कामावर रुजू झालो. विद्यापीठाच्या ग्रंथालयात, दुर्मिळ संग्रह विभागात, मदतनीस म्हणून. मामाने त्यासाठी किती उंबरे झिजवले ते त्यालाच ठाऊक. सकाळी निघताना त्याने बजावलं, की तिथे आवाज चढवायचा नाही, हात उगारायचा नाही, आणि कॉलेज का सोडलं असं कुणी विचारलं तर घरची अडचण होती म्हणायचं. खरी अडचण एवढीच, की शेवटच्या वर्षाला वर्गातला एकजण, मला जी आवडते तिच्याबद्दल, वेडंवाकडं बोलला आणि मी त्याला जिन्यावरून ढकललं. त्याचा हात मोडला. प्राचार्य म्हणाले, माफीपत्र लिहून दे, विषय संपला. मी म्हटलं, नाही देत. विषय तसाही संपलाच.

मला वाटलं होतं विभाग तळघरात असेल, कोळिष्टकं, उंदीर वगैरे. उलट सगळ्यात वरचा मजला, लांबलचक वाचनखोली, उत्तरेकडे उंच खिडक्या, आणि इतकं स्वच्छ की आपल्याच चपलांची लाज वाटावी. विभागप्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि पेन्सिल दिली. इथे शाईला बंदी. मग माझे हात उलटसुलट करून पाहिले, बालवाडीत पाहतात तसे, आणि म्हणाल्या, चालेल.

तर आता मुद्द्याचं. ती एम.ए.ला इथेच आहे, आणि मंगळवारी-शुक्रवारी या वाचनखोलीत बसते. हे मला अर्ज करण्याच्या आधीपासून माहीत होतं. मामाला नाही.

बुधवार, ८ जानेवारी

काम आवडलं, हे लिहायला मलाच विचित्र वाटतंय. वाचक चिठ्ठी देतो, आपण मागच्या कोठीतून राखाडी पेटी आणायची, त्याच्यासमोर ठेवायची, एका वेळी एकच पाकीट उघडू द्यायचं. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने नंबर. पाकिटावर कागद किती ते लिहिलेलं. परत ठेवताना मोजायचे.

विभागात नियम खरा एकच, बाकीची सगळी त्याची पिल्लं. कागद जागेवरून उचलला, मग तो शेजारच्या खोलीत न्यायचा असला तरी, त्या जागी जाड गुलाबी पुठ्ठ्याची जागाचिठ्ठी ठेवायची. कागदाचा नंबर, तारीख, आणि नेणाऱ्याचं पूर्ण नाव, त्याच्याच हाताने. कागद परत आला की नावावर रेघ. बाई म्हणाल्या, आग लागली तरी आधी चिठ्ठी लिही, मग पळ. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

कोपऱ्यातल्या खोलीत फाटक्या कागदांची दुरुस्ती चालते. तिथे सव्वीस वर्षं एकच माणूस आहे. सदैव खळ शिजवत असतात म्हणून सगळे त्यांना खळकाका म्हणतात. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि फाटलेला कागद कसा जोडायचा ते दाखवलं. तंतू तंतूंना भेटू द्यायचे, वर जाळीसारखा पातळ कागद, खळ अगदी नावापुरती, आणि मग वजन ठेवून गप्प बसायचं. ते म्हणाले, शेवटचं काम सगळ्यात अवघड. मी दोन मिनिटांत वजन उचलून पाहिलं. कागद सुटला. काका म्हणाले, तुझ्या डोक्यात बंब आहे रे, खालून सारखा जाळ चालू. तेव्हापासून मी बंब.

शुक्रवार, १० जानेवारी

ती आली. मला पाहून दचकली, मग नेहमीसारखी भुवई उचलली. मी पेटी ठेवली. पेटी जोरात वाजली. तिने हळूच सांगितलं, की इथे तरी शांत राहा. दिवसभरात एवढंच बोलणं. त्यातला ‘इथे तरी’ मी घरी येईपर्यंत चघळत होतो.

काकांच्या नजरेतून काही सुटत नाही. दुपारी त्यांची मुलगी डबा घेऊन आली, ती रोज येते, शाळेत शिकवते आणि मधल्या सुट्टीत धावतपळत डबा देऊन जाते. काका तिला मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, हा नवा मुलगा फार मेहनती, मंगळवार-शुक्रवार केस ओले करून येतो. ती म्हणाली, बाबा, पुरे. मी कानापर्यंत लाल.

मंगळवार, १४ जानेवारी

पेटी क्रमांक एकेचाळीस. कुणा शाळामास्तरांचे कागद. एकाच बाईला लिहिलेली पत्रं, एकही पोस्टात टाकलेलं नाही. सत्त्याऐंशी कागद. मोजायला म्हणून घेतली आणि वाचत सुटलो. आठ वर्षं त्या माणसाने वाट पाहिली आहे, आणि कुठे कुरकुर नाही.

एकतिसावा कागद तेवढा मास्तरांचा नाही. हात वेगळा, ओबडधोबड. कुणा पहारेकऱ्याने भावाला लिहिल्यासारखं काहीतरी. मी पायऱ्यांशी बसलेला असतो, सगळे येतात जातात, मला कुणी हाक मारत नाही. त्याला एक जुनी जागाचिठ्ठी चिकटून राहिली आहे, नाव पार उडालेलं. बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, कधी चुकून मिसळला असेल, पण आला तसाच राहू द्यायचा, इथे आपण क्रम बदलत नाही.

बावन्नावं पत्र मात्र मी तीनदा वाचलं. त्यात मास्तर लिहितात, की तुम्ही समोरून जाता तेव्हा मी माझं बोलणं आवरून घेतो, पाहुणे आल्यावर पसारा आवरावा तसं. मला हे कधी सुचलं नसतं. पण मला वाटतं ते अगदी हेच.

पत्र या रोजनिशीत घालून घरी आणलं आहे. चिठ्ठी लिहिली नाही. काय लिहिणार, तिला द्यायला नेतो? फक्त उतरवून घेतो. उद्या सकाळी परत.

शुक्रवार, १७ जानेवारी

उतरवलेलं पत्र परवा तिच्या मैत्रिणीच्या हाती दिलं होतं. आज ती आली, पेटीची चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली, आणि त्या चिठ्ठीखाली दुसरी घडी. तिने लिहिलं होतं, की तुझ्यात एवढा शांत माणूस आहे हे मला माहीत नव्हतं, सोमवारी पाच वाजता कँटीनमध्ये ये.

जिने तीन-तीन पायऱ्यांनी उतरलो.

मूळ पत्र अजून माझ्याकडेच. बुधवारी बाई कोठीत ठाण मांडून होत्या, गुरुवारी मीच विसरलो. खरं सांगायचं तर जवळ ठेवावंसं वाटतं. सोमवारी नक्की.

सोमवार, २० जानेवारी

हे सगळं सरळ लिहून काढतो, म्हणजे निदान इथे तरी खोटं राहणार नाही.

एकेचाळीस नंबरच्या पेटीचे फोटो काढायचे ठरले. बाईंनी सकाळीच पाकीट मोजायला घेतलं. शहाऐंशी. पुन्हा मोजले. शहाऐंशी. मी समोर उभा, पत्र रोजनिशीत, रोजनिशी खाली पिशवीत. तेवढ्यात त्यांना फोनवर बोलावलं. त्यांची पाठ वळली आणि मी कोरी जागाचिठ्ठी ओढली, बावन्न लिहिलं, मागच्या आठवड्यातली तारीख घातली, आणि खळकाकांचं पूर्ण नाव लिहिलं. त्यांच्यासारखं गोल अक्षर काढून. त्यांच्याकडे रोज कागद जातात, कुणाला संशय येणार नव्हता. आणि एक लाजिरवाणं कारण, ते सगळ्यांसमोर माझी चेष्टा करतात याचा राग कुठेतरी होता. अर्ध्या मिनिटाचं काम.

बाई परत आल्या, चिठ्ठी दिसली, म्हणाल्या, हे बरं, नीट बघितलंच नव्हतं मी. काकांना बोलावलं. काकांनी चिठ्ठी हातात घेतली, चष्मा वर करून बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, असेल बाई, वय झालं, शोधतो. दिवसभर ते आपलं टेबल उपसत होते. एकेक गठ्ठा उचलायचे, झटकायचे, ठेवायचे. मी दोनदा दारापर्यंत गेलो.

पाच वाजता कँटीन. पहिली दहा मिनिटं स्वर्ग. मग ती म्हणाली, त्यातलं पसाऱ्याचं वाक्य एकदा तोंडाने म्हण. मला शब्द आठवेनात. तिने विचारलं, पुढे काय लिहिलं होतंस? मी चिडलो. म्हटलं, परीक्षा घेतेस का. ती अगदी हळू म्हणाली, हे लिहिणारा माणूस वाट बघू शकतो, तुला चहा यायला दोन मिनिटं लागली तर तू टेबल वाजवतोस. आणि उठून गेली.

ग्रंथालयाच्या मागे गटाराच्या कठड्याशी मी ते मूळ पत्र फाडलं. मास्तरांचा राग आला होता मला. त्यांचा कसला राग, पण आला. शेवटचा तुकडा टाकल्यावर भानावर आलो. गुडघे टेकून वेचले. अकरा तुकडे सापडले. बाकीचे पाण्याबरोबर गेले.

मंगळवार, २१ जानेवारी

तुकडे पाकिटात घालून नेले होते. काकांसमोर ठेवायचे, पाय धरायचे, असं रस्ताभर घोकत गेलो. तुकडे जोडू शकेल असा माणूस या इमारतीत एकच आहे, आणि मी नाव टाकलं त्याचंच.

पण त्याआधी बाईंनी हाक मारली. चेहरा खुलला होता. म्हणाल्या, सापडला, सत्त्याऐंशी पूर्ण. मी पाकीट उघडलं. एक्कावन्न आणि त्रेपन्नच्या मध्ये चिठ्ठीला लागून एक कागद. कोपऱ्यात बावन्न. कागद जुना, पिवळा, जवळजवळ कोरा. वरच्या बाजूला दोन ओळी. खळ मंद आचेवर, सारखी ढवळत राहायची, गुठळी झाली की समजायचं लक्ष दुसरीकडे होतं. अक्षर गोल.

बाईंना म्हटलं, हे मास्तरांचं नाही. त्या म्हणाल्या, नंबर आहे, मोजणी बरोबर आहे, आता आपण त्यात हात घालायचा नाही. मग म्हणाल्या, जाऊन सांग त्यांना, कागद मिळाला म्हणून, त्या आपल्या, कोण ते. हात हवेत फिरवत राहिल्या. नाव आठवलं नाही. सव्वीस वर्षं.

काकांना सांगितलं, सापडला. ते म्हणाले, हो का, कुठे होता? मी म्हटलं, तिथेच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तुकड्यांचं पाकीट खिशातच दाबून धरलं.

गुरुवार, २३ जानेवारी

काकांना आज फाटकावर अडवलं. पहारेकऱ्याने ओळखपत्र मागितलं, कोण आपण म्हणून. काका हसत हसत सांगत होते, म्हणाले, दाढी केली म्हणून ओळखलं नसेल. पण सांगताना ब्रश उलट्या टोकाने खळीत बुडवत होते. बाई दोनदा त्यांच्या खोलीवरून गेल्या, आत पाहिलं, आणि तिथे कुणी नसल्यासारखा दिवा बंद केला. काका अंधारात बसून राहिले. मी जाऊन दिवा लावला.

बावन्नाव्या कागदावर आता अर्धं पान आहे. कागदाची घडी दाबायच्या हाडाच्या पट्टीबद्दल. त्यांच्या बायकोच्या आजारपणाबद्दल. मुलगी पहिल्यांदा सायकलवर बसली त्याबद्दल.

आजच सांगणार होतो. पण दुपारी मैत्रिणीकडून निरोप आला, की उद्या ती भेटेल, तिचं जरा चुकलं. काकांना सांगितलं तर बाईंना कळणार, बाईंना कळलं तर नोकरी गेली, नोकरी गेली तर ती. एका दिवसाने काय बिघडतं, असं वाटलं. हे वाक्य मी लिहिलंय. खोडणार नाही.

शुक्रवार, २४ जानेवारी

ती भेटली. तिने विचारलं, खरंच तू लिहिलंस? मी म्हटलं, हो. तिने माझ्या हातावर हात ठेवला. आयुष्यात ज्यासाठी जीव टाकला ते मिळालं, आणि मला फक्त खिशातलं पाकीट टोचत होतं.

तीन वाजता वर गेलो. काका स्टुलावर बसले होते, हात मांडीवर. त्यांनी विचारलं, मी इथे कशाला आलो होतो, सांगता का जरा. मला अहो-जाहो केलं.

मी म्हटलं, तुम्ही इथेच काम करता काका.

ते म्हणाले, हो, तसं वाटत होतं खरं.

तेव्हासुद्धा सांगितलं नाही.

सोमवार, २७ जानेवारी

कोपऱ्यातल्या खोलीत मोडक्या खुर्च्या आहेत. टेबल नाही, कागद दाबायचा शिकंजा नाही, शेगडी नाही. भिंतीवर धूर लागल्याचा डागसुद्धा नाही.

बाई म्हणाल्या, दुरुस्तीवाला इथे कधीच नव्हता, फाटलेलं आपण बाहेर पाठवतो. बरं नसेल तर घरी जा म्हणाल्या.

त्यांचं नाव चिठ्ठीवर वाचतो. पाकीट मिटलं की आठवत नाही. उघडतो. मिटतो.

कागद दोन्ही बाजूंनी भरला आहे. शेवटच्या ओळी उतरवतो—

‘चिठ्ठीवरचं अक्षर माझं नाही. बंबाचं आहे. घाईत काना मोडतो तो. बाईंना बोललो नाही, पोराची नोकरी नवी आहे. तरणं पोर आहे, येईल आपण होऊन सांगायला. तोवर थांबतो.’

त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.

चार दिवस ते माझी वाट बघत होते.

मंगळवार, २८ जानेवारी

त्यांची मुलगी आली. हातात डबा. टेबलाशी येऊन उभी राहिली, बाईंनी विचारलं कोण हवंय. ती म्हणाली, कुणाला तरी द्यायचा आहे. मग डब्याकडे बघत राहिली. म्हणाली, सॉरी हं, माझं काय चाललंय कुणास ठाऊक, सकाळी दोन डबे भरले जातात हल्ली.

जिन्यात बसून रडत होती. कशाबद्दल ते तिला माहीत नव्हतं.

मी शेजारी बसलो. म्हटलं, तुमचे बाबा. ती म्हणाली, माझे बाबा? आणि इतक्या सभ्यपणे हसली, की—

बुधवार, २९ जानेवारी

घरी खळ शिजवली. गुठळ्या. पुन्हा. तुकडे मांडले. तंतू भेटत नाहीत. मधलं वाक्यच नाही, पसाऱ्याचं, ते गटारात. वजन ठेवून बसलो, दोन तास हललो नाही. उचललं, सुटलं.

बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मोजलं. सत्त्याऐंशी. म्हणाल्या, काहीच गेलेलं नाही, मग कबूल काय करतोस.

तिला सांगितलं. पत्र माझं नाही हेही. वाटलं थोबाडीत देईल. तिने मांडीवरचं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, पत्राचं खोटं बोललास ते वाईट, पण आज खरं सांगितलंस. आणि तो काका वगैरे कुणी नाहीच रे. कुणाला आठवत नाही. मग तू कुणाचा गुन्हेगार? सोड ना. माझ्याकडे बघ.

सोडता येईल. एवढं सोपं आहे. आणखी आठ दिवसांनी मलाही आठवणार नाही.

काकांनी तिच्या पुस्तकाचा कणा शिवून दिला होता. ते पुस्तक तिच्या मांडीवर होतं. कणा पुन्हा तुटलेला, कधी शिवलाच नसल्यासारखा.

गुरुवार, ३० जानेवारी

सकाळी नऊ चाळीस. बाई यायच्या आत. चिठ्ठीवर ज्याचं नाव, तोच गेलेल्या कागदाची जागा भरतो, एकतिसाव्यातल्या पहारेकऱ्यासारखा. त्यांच्या नावावर रेघ मारली. खाली माझं पूर्ण नाव. माझ्या अक्षरात, घाई न करता. काना नीट.

काही झालं नाही.

बारा वाजता— खळीचा वास.

कोपऱ्यातून खोकला. बाईंनी हाक मारली, नावाने, पूर्ण नावाने. ते बाहेर आले, चष्मा वर, हाताला खळ. बाई त्यांच्यावर ओरडल्या, कुठे होतात चार दिवस. म्हणाले, कुठे असणार, इथेच.

मुलगी आली. डबा घेतला त्यांनी. एकच.

मी दारात होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, विचारलं, कोण हवंय आपल्याला.

शुक्रवार, ३१

फाटकावर अडवलं. ओळखपत्रावर फोटो आहे, नावाची जागा—

ती आली. चिठ्ठी पुढे केली, माझ्या मागे बघत. पेटी आणायला कुणी नाही का, असं बाईंना विचारलं. मी समोर होतो. हातभर.

मामाचा फोन लागतो. तो हॅलो हॅलो म्हणतो आणि ठेवतो.

बावन्न नंबरचा कागद पाहिला. काकांचं काही नाही, नवंच, अर्ध्या पानापर्यंत. जिना, मोडलेला हात, माफीपत्र. त्या मुलाची माफी मागायची राहिली, असं त्यात आहे. मी असं कधी— पण अक्षर माझंच.

शनिवार

काका जोडकाम करतायत. मी स्टुलावर. बोलतो, त्यांना ऐकू येत नाही. मघाशी एकदा मान वर केली, इकडेतिकडे पाहिलं.

त्यांनी सगळं केलं माझ्यासाठी, आणि मी त्यांना सांगितलं नाही. सगळ्यांना सांगितलं. त्यांनाच नाही.

लिहून समोर, वजनाखाली ठेवतो. टेबलावर कागद आला की ते वाचतात, हात पुसून. सवय आहे.

पेन्सिल धरवत नाहीये, बोटं—

वजन उचलतील तेव्हा दिसेल. वाट बघतो. येते आता वाट बघता.

काका, ती चिठ्ठी तुम्ही नव्हती लिहिली. ती मी